जास्तीचा पाटा

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सोयाबीनची रास घरात येऊन पडली होती, तुरीने फुलोरा धरला होता आणि तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, ती तूर एकदा डोळ्यांनी पाहायची होती. मी नुकतीच घेतलेली जुनी मारुती जिप्सी घेऊन लातूरहून गावी गेलो, त्यांना पुढच्या सीटवर बसवले आणि डांबरी रस्ता सोडून पाणंदीला लागलो. तात्यांनी सवयीने कनवटीची चंची काढली, पान मांडीवर पसरले आणि चुन्याची पितळी डबी उघडली. ओढ्याच्या अलीकडे एक जुनी बाभूळ आहे. तिच्याजवळ उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोरीत पुढचे चाक उतरले आणि गाडी अशी उसळली, की डबी त्यांच्या हातातून उडून दरवाजावर आपटली आणि ओला चुना धोतरावर, सीटवर, माझ्या बाहीवर सांडला. त्यातून सावरतो न सावरतो तोच मागचे चाक त्याच खड्ड्यात गेले आणि सीटने आम्हा दोघांना खालून लाथ घातल्यासारखे वर फेकले. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी पायाशी चाचपडून डबी शोधली, झाकण घट्ट लावले, चंची गुंडाळली आणि माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "हितंच थांबीव. म्या जातो पायी. तू ये मागनं गाडी घिऊन."

पाणंद तीन किलोमीटरची आहे. बाभळीपासूनचे दीड किलोमीटर ते चालले.

त्यांचे वय एक्क्याऐंशी आहे. पुढे काठी टेकत चाललेले तात्या आणि मागे पहिल्या गिअरमध्ये घरघरत येणारी माझी गाडी, हे दृश्य त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढून हटेना. मी ही गाडी घेतली होती ती याच पाणंदीसाठी आणि बऱ्याच अंशी याच माणसासाठी. आमची जमीन काळी, खोल आणि चिकट आहे. पावसाळ्यात त्या वाटेने मोटारसायकल जात नाही, बैलजोडी विकून बारा वर्षे झाली आणि गुडघे दुखायला लागल्यापासून तात्यांचे रानात जाणे दुसऱ्याच्या सवडीवर आले होते. फोर व्हील ड्राइव्हची गाडी असली म्हणजे ते हवे तेव्हा शेतात जातील, असा माझा सरळ हिशेब होता. जिप्सी चिखलातून निघाली असती, ओढ्यातून निघाली असती, यात मला शंका नव्हती. तिच्यात बसलेला माणूसही तिकडे धड पोहोचला पाहिजे, हा विचार मात्र मी केलाच नव्हता.

खरे सांगायचे तर गाडी घेण्याच्या आधीपासूनच दचके जिरवणाऱ्या सस्पेन्शनसाठी मी ३०,००० रुपये बाजूला काढून ठेवले होते आणि वहीच्या शेवटच्या पानावर एक यादीही केली होती. त्या यादीत गाडी दोन इंच उंच करणे होते, लांब शॅकल, म्हणजे स्प्रिंग गाडीला टांगणाऱ्या पट्ट्या, होते, चिखलाचे मोठे टायर होते. सगळ्यात वर एक ऑस्ट्रेलियन सस्पेन्शन किट होते. त्याची किंमत मला लाखाच्या पुढे सांगण्यात आली होती, म्हणून ते यादीत असूनही नसल्यासारखेच होते. या यादीतली प्रत्येक गोष्ट गाडी बाहेरून कशी दिसेल याच्याशी बांधलेली होती. तात्यांना घरी सोडून रात्री लातूरला परतल्यावर मी ती वही पुन्हा उघडली, तेव्हा बाहीवरचा चुना वाळून कडक झाला होता. येळवशीला, म्हणजे सगळ्यांनी रानात जाऊन जेवायच्या वेळ अमावास्येला, सात आठवडे होते. आमच्या भागात येळवशीला घरात बसून राहणारा माणूस आजारी तरी असतो, नाहीतर परगावी तरी. त्या दिवशी तात्या आणि काकू दोघांनाही, आंबिलाच्या बिंदग्यासकट (घागरीसकट), रानातल्या कोपीपर्यंत गाडीतून न्यायचे आणि कुणालाही मध्येच उतरावेसे वाटू नये, एवढे मी स्वतःशी ठरवले.

लातूरच्या एमआयडीसीकडे ज्यांच्याकडे मी गाडी नेली, त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. त्यांनी माझी यादी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "सर, आधी जुनं काय मेलंय ते बघू. नवं काय घ्यायचं ते मग ठरवू." गाडी जॅकवर चढली, चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, टेकूच्या घोड्या लागल्या, चाके लोंबती झाली आणि वस्तादांनी हातात टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन कमानीच्या (एकावर एक बसवलेल्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगच्या) टोकाशी, तिथला गोल डोळा आणि शॅकल यांच्या मधल्या फटीत, तिचे टोक घातले. थोडासा जोर दिला आणि अख्खी कमान बोटभर बाजूला सरकली. जिथे रबरी बुश असायला हवे होते, तिथे तपकिरी भुकटी आणि एका बाजूला चघळून टाकलेल्या उसाच्या चोयट्यांसारखे काही तुकडे होते. त्यांनी ते तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. जिप्सीला चारही चाकांना कमानीच आहेत आणि एका कमानीला सहा अर्धे बुश लागतात, म्हणजे एकूण चोवीस. या चोवीस छोट्या रबरी तुकड्यांमधून रस्त्याचा प्रत्येक दगड चेसिसपर्यंत जातो. ते गेले, की लोखंड लोखंडावर वाजते आणि माणसाला वाटते, की स्प्रिंग खराब आहे किंवा रस्ताच वाईट आहे. माझ्या गाडीतले चोवीसपैकी धड असे पाचच निघाले.

टॉमीचा तो खणखणाट ऐकताना मला आमच्या जुन्या बैलगाडीची आठवण झाली. लहानपणी तिच्या साट्याखाली वंगणाचा नळा लोंबत असे आणि लांबच्या वाटेला निघण्याआधी तात्या चाक उपसून आखावर एरंडेलाचे वंगण घालत. कोरड्या आखाचा आवाज लांबून ऐकून "कुणाची तरी गाडी रडतीया" असे ते म्हणत. बैलगाडीला कमान नव्हतीच. तिच्यात दचके चुकवण्याचे काम कडब्याच्या पेंढ्या आणि बैलांची संथ चाल या दोघांनी वाटून घेतले होते. कमान मी पहिल्यांदा पाहिली ती लातूरच्या टांग्याला. गंजगोलाईजवळ टांगे उभे असत आणि मी खाली वाकून ते वाकडे पाटे एकावर एक कसे बसवले आहेत ते न्याहाळत बसे. चार माणसे चढली, की पाटे सपाट होत; उतरली, की पुन्हा धनुष्यासारखे वाकत. तात्यांनी तेव्हा मला सांगितले होते, की टांगेवाला पाटे मोजून घालतो, कारण पाटे जास्त झाले तर सवारी उडते आणि कमी झाले तर साटा चाकाला घासतो. पन्नास वर्षांपूर्वीचे हे वाक्य मला त्या गॅरेजमध्ये उभे राहून आठवले आणि मी वस्तादांना म्हणालो, की मागच्या कमानीतले पाटे एकदा मोजून पाहू या.

मागच्या दोन्ही कमानींत सगळ्यात खाली एक पाटा वेगळा होता. त्याचा रंग वेगळा, टोके गॅसकटरने कापलेली, आणि जाडी तर नुसत्या डोळ्यांनाही जाणवत होती. आधीच्या मालकाने गाडीतून कधीतरी जड माल नेला असावा आणि मागचा भाग बसू नये म्हणून कुठल्यातरी पिकअपच्या कमानीतला पाटा कापून आत घातला असावा. वस्तादांनी कॅलिपर लावले. मूळ पाटे सहा मिलिमीटरचे होते आणि हा नऊचा. ऐकायला तीन मिलिमीटरचाच फरक वाटतो. पण पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. रुंदी आणि लांबी तीच ठेवून जाडी दीडपट केली, तर ताठरपणा दीडपट होत नाही, तो तीनपटीहून अधिक होतो. म्हणजे जेमतेम एक टनाच्या, बहुतेक वेळा मागे रिकाम्याच असणाऱ्या त्या गाडीच्या प्रत्येक कमानीत कुणीतरी तीन पाट्यांचे बळ एकट्याने लावणारा एक पाटा बसवून ठेवला होता. दहा पोती लादली असती तर तो योग्य वाटला असता. रिकाम्या गाडीत तो वाकतच नव्हता. खड्ड्याचा सगळा धक्का तो जसाच्या तसा वर, सीटवर, तात्यांच्या मणक्यात पोहोचवत होता. तो दुसरा धक्का, तो मागच्या चाकाचा, मला आता पाट्याच्या रूपात समोर दिसत होता. तो पाटा हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. त्याचे वजन माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त होते.

माझ्या गाडीत झालेली पहिली सुधारणा म्हणजे तिच्यातून काढून टाकलेले हे दोन पाटे होत.

ते काढल्यावर गाडीचा मागचा भाग दीड इंच खाली बसला. मूळ पाटे इतकी वर्षे त्या जाड पाट्याच्या आधाराने पडून होते आणि त्यांची गोलाई गेली होती. इथे पैशांचा पहिला खरा प्रश्न उभा राहिला. नवी संपूर्ण कमान घ्यायची, की जुन्यांना पुन्हा गोलाई द्यायची? रस्त्याकडेच्या अनेक ठिकाणी थंड पाटा ऐरणीवर ठेवून घणाने ठोकून वाकवून देतात. ते स्वस्त पडते आणि पाटा त्या दिवशी छान दिसतोही, पण ठोकून आणलेली गोलाई थोड्याच महिन्यांत पुन्हा उतरते, हे मी एकाहून अधिक जणांकडून ऐकले होते. वस्तादांनी मला एका कमानवाल्याकडे पाठवले. त्यांच्याकडे भट्टी होती आणि शेजारी तेलाचे पिंप होते. मी तिथे अर्धा दिवस बसलो. पाटा भट्टीत पिकलेल्या टेंभुर्णीच्या रंगाचा झाला, की ते चिमट्याने काढत, साच्यावर गोलाई देत आणि लगेच तेलात बुडवत. पिंपातून पांढरा, जळक्या तेलाचा धूर उठे आणि डोळ्यांतून पाणी येई. मग तोच पाटा पुन्हा मंद आचेवर जाई, कारण नुसता तेलात थंड केलेला पाटा काचेसारखा कडक होतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात मोडतो. या दुसऱ्या आचेसाठी त्यांनी मुळीच घाई केली नाही. मध्येच एक ट्रकवाला येऊन ओरडून गेला, तरी ते भट्टीपासून हलले नाहीत. ज्याला सस्पेन्शनवर कमी पैसे खर्च करायचे आहेत, त्याने ही दुसरी आच देणारा माणूस शोधावा, असे मला मनापासून वाटते. कुठला ब्रँड घ्यावा या चर्चेत जितका वेळ जातो, त्याच्या चौथ्या हिश्श्यात असा माणूस सापडतो. सगळ्यात वरचा मेन पाटा मात्र मी जुना ठेवला नाही. त्याच्या दोन्ही टोकांना बुशचे डोळे असतात, तो मोडला तर चाके जोडणारी अ‍ॅक्सल जागेवरून सरकते आणि गाडी ताब्यात राहत नाही. मागचे दोन्ही मेन पाटे नवे घेतले. कमान आवळून धरणारे यू-बोल्टही नवे घेतले, कारण एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढाच आवळून राहील याची खात्री देता येत नाही.

बुश निवडताना माझे मन दोनदा बदलले. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश टिकाऊ असतात आणि त्यांची जाहिरातही मोठी आहे. पण ते ताठर असतात, वंगण सुकले की कुरकुरतात आणि कमानीला जो थोडासा पीळ घेऊ द्यायचा असतो, तो नीट घेऊ देत नाहीत. माझी गरज लक्षात घेऊन मी साधे रबराचे, मूळ मापाचे बुश घेतले. ते बसवताना वस्तादांच्या पोराने गाडी जॅकवर असतानाच नट आवळायला सुरुवात केली आणि वस्तादांनी लांबूनच "थांब, थांब" म्हणून हाक मारली. त्यांनी सगळे नट हाताने नुसते बसवले, घोड्या काढल्या, गाडी चाकांवर उतरवली, चार वेळा दाबून हलवली आणि मगच खाली झोपून पाना लावला. कारण विचारले, तेव्हा त्यांनी दोन तळहातांमध्ये एक जुना बुश धरून पिळून दाखवला. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडले जाते आणि गाडी खाली ठेवताच ते कायमचे पिळलेले राहते. मग ते वर्षभरात फाटते आणि लोक म्हणतात, की माल हलका होता. मला वाटते, माझ्या गाडीतल्या त्या तपकिरी भुकटीचे कारण हेच असावे. एक पाना कधी फिरवायचा एवढ्याच गोष्टीवर चोवीस रबरांचे आयुष्य ठरते, हे मी शाळेत मुलांना शिकवताना कुठल्या धड्यात सांगू शकेन, याचा विचार मी अजून करतो आहे.

शॉकअपविषयी (शॉक अ‍ॅब्सॉर्बरविषयी) माझी समजूत मुळातच चुकीची होती. मला वाटायचे, की गाडीचे वजन शॉकअप पेलतात आणि म्हणून जाड, मोठे शॉकअप घातले की गाडी मऊ चालेल. वजन पेलतात ते पाटे. शॉकअपचे काम पाट्याची उसळी जिरवण्याचे असते. आतल्या पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते आणि त्या ओढाताणीत उसळीची उष्णता होऊन जाते. माझा एक जुना विद्यार्थी वाळूजला दुचाकींचे शॉकअप बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याने मला फोनवर एक साधी परीक्षा सांगितली. शॉकअप काढून उभा धरावा, दाबावा आणि ओढावा. चांगला शॉकअप दाबताना थोडा आणि ओढताना जास्त विरोध करतो, कारण दबलेला पाटा परत उलटतो तेव्हाच माणूस सीटवरून उडतो. माझ्या गाडीतला पुढचा डावा शॉकअप मी असा ओढून पाहिला. तो पाण्यात हात घातल्यासारखा सरकला, मध्येच अडला आणि पुन्हा सरकला. त्याच्या अंगावर तेल गळून त्यावर धुळीचा जाड थर बसला होता. तात्यांच्या हातातली डबी उडाली ती याच चाकाने.

नवे घेताना गॅसचे घ्यावेत की तेलाचे, हा प्रश्न आला. सतत खडबडीत रस्त्यावर वेगाने जाताना शॉकअपचे तेल तापते, फेसाळते आणि फेसाला विरोध करण्याची ताकद नसते. गॅसच्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे तेल फेसाळत नाही. डोंगरात दिवसभर गाडी चालवणाऱ्याने ते जरूर घ्यावेत. माझी वाट तीन किलोमीटरची आहे आणि मी ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो. गॅसच्या दाबाने ते थोडे ताठरही असतात आणि मला सांगितलेली किंमत जवळजवळ दुप्पट होती. मी मूळ मापाचे, तेलाचे चार शॉकअप घेतले. बसवण्याआधी वस्तादांनी प्रत्येक शॉकअप उभा धरून सहा-सात वेळा पूर्ण दाबला आणि ओढला. आडवे पडून राहिलेल्या शॉकअपमध्ये हवा चुकीच्या जागी जाते, ती अशी वर येते. पहिल्या दोन दाबांना आतून चुळ भरल्यासारखा आवाज आला आणि मग तो थांबला.

यादीतले लांब शॅकल मी वस्तादांपुढे पुन्हा एकदा काढले होते, कारण ते स्वस्त आहेत आणि मोह स्वस्त वस्तूचाच अधिक होतो. त्यांनी मला गाडीखाली झोपायला सांगितले आणि पुढची कमान दाखवली. जिप्सीच्या पुढच्या कमानीचे हलते, शॅकलचे टोक पुढच्या बाजूला आहे आणि पक्के टोक मागे आहे. खड्ड्याची कड चाकाला लागली, की कमान सपाट होताना लांबते आणि अ‍ॅक्सलला मागे सरकू देण्याऐवजी थोडी पुढे, त्या कडेवरच, ढकलते. जिप्सी कडक चालते, असे जे सगळे म्हणतात, त्याचे एक कारण या मांडणीतच आहे आणि ते शॅकल लांब करून जात नाही. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उंच होते, पण पुढच्या चाकांना सरळ ठेवणारा कास्टर कोन कमी होतो आणि डांबरी रस्त्यावर स्टिअरिंग भरकटू लागते. ज्या रस्त्याने मी दर आठवड्याला लातूर ते गाव येतो-जातो, त्या रस्त्यावर मला असे स्टिअरिंग नको होते. त्यात कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ मधला निकाल यांनी वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा घातली आहे, आणि पंधरा वर्षांच्या पुढच्या गाडीला नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणीला उभे राहावेच लागते. मूळ मापाचे नवे भाग घालणाऱ्याला त्या दिवशी काळजी नसते. मोठे टायर मी त्याच दिवशी खोडले. ते जड असतात, आणि चाकाचे वजन वाढले, की त्याला आवरण्याचे काम पाट्यांवर आणि शॉकअपवरच पडते.

एक पैसाही न लागलेली गोष्ट सगळ्यात शेवटी सुचली, याची मला खंत वाटते. त्या दिवशी चारही टायरमध्ये ३५ पाउंड हवा होती. हवा भरणाऱ्या पोराने ती सवयीने भरली होती आणि मी सवयीने भरू दिली होती. आता मी पाणंदीच्या तोंडाशी थांबतो, प्रत्येक चाकातली हवा २२ पर्यंत उतरवतो आणि परत आल्यावर डांबरीवर जाण्याआधी छोट्या कॉम्प्रेसरने पुन्हा भरतो, कारण कमी हवेच्या टायरने वेगात गेले तर त्याची बाजू तापून फाटते. यात वीसेक मिनिटे जातात. पण पहिल्यांदा हवा उतरवून त्या चाकोरीतून गेलो, तेव्हा दगड टायरखाली आले आणि टायरने ते पोटात घेतल्यासारखे वाटले.

सगळा खर्च २४,१०० रुपये झाला. त्यातला सर्वांत मोठा हिस्सा शॉकअपचा, त्याखालोखाल मजुरीचा आणि कमानवाल्याचा. बुश, शॅकलच्या पिना आणि यू-बोल्ट मिळून ५,२०० रुपयांत झाले. उरलेले ५,९०० रुपये मी पाकिटात घालून वहीत ठेवले आहेत. पाचशे किलोमीटर झाल्यावर वस्तादांनी गाडी परत बोलावली आणि यू-बोल्ट पुन्हा आवळले. नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट सैल पडतात, असे त्यांनी सांगितले. मागच्या उजव्या बाजूचा बोल्ट खरोखरच जवळजवळ पाव फेरा फिरला.

तरीही माझ्या मनात एक बोच होती. त्या सात आठवड्यांत मी चार वेळा गावी गेलो, पण तात्यांना गाडीत बसा, असे म्हणायचे मला धाडस झाले नाही. ते नाही म्हणणार नाहीत, हे मला माहीत होते. पुतण्याने हौसेने आणलेल्या गाडीत ते दात घट्ट मिटून बसले असते आणि बाभळीपाशी पुन्हा उतरले असते, आणि मला तेच पाहायचे नव्हते. मी एकटाच त्या पाणंदीने जात राहिलो. मागच्या सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी ठेवून गेलो आणि बाभळीपलीकडे किती पाणी सांडले ते पाहिले. पहिल्या वेळी निम्मी कळशी सांडली. मग मी चालही बदलली. चाकोरीत चाक उतरण्याआधी ब्रेक सोडायचा, कारण ब्रेक लावलेले असताना गाडीचे वजन पुढे येऊन पुढच्या कमानी आधीच दबलेल्या असतात. शेवटच्या वेळी कळशी चार बोटे उणी झाली.

येळवशीच्या सकाळी धुके होते. काकूंनी आंबिलाचे बिंदगे मांडीवर घेतले होते, वर फडके बांधले होते आणि त्यांच्या शेजारी भज्जीचे, म्हणजे मिसळ भाजीचे, पातेले व उंड्यांची टोपली होती. तात्या पुढे बसले. त्यांनी उजवा हात दरवाजावरच्या कडीला घट्ट धरला होता आणि बोटांची पेरे पांढरी पडलेली मला दिसत होती. पाणंदीच्या तोंडाशी मी हवा उतरवू लागलो, तेव्हा ते खाली वाकून बघत राहिले आणि "काहून सोडतो वारं?" असे त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी मान हलवली. मग मी त्यांना जाड पाट्याविषयीही सांगितले, तो मोजला कसा आणि काढला कसा, आणि टांगेवाल्याविषयी त्यांनी मला काय सांगितले होते तेही. ते वाक्य त्यांना आठवत नव्हते.

पहिला किलोमीटर कुणी बोलले नाही. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या आणि दवाने ओल्या फांद्या दोन्ही बाजूंनी गाडीच्या ताडपत्रीला घासत होत्या. गाळपाचा हंगाम ऐन भरात असल्याने चाकोरी दिवाळीपेक्षा खोल झाली होती. पुढचे चाक उतरले, गाडी डावीकडे कलली, कमानी दबल्याचा एक मंद कण्हण्यासारखा आवाज आला आणि चाक वर आले. मागचे चाक उतरले आणि तेही वर आले. मी आरशात पाहिले. काकूंच्या हाताखालचे फडके कोरडे होते. बाभूळ आली तेव्हा मी नकळत पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला.

तात्यांनी कडीवरचा हात काढला होता. त्यांनी चंची उघडली, मांडीवर पान पसरले आणि पितळी डबीचे झाकण अंगठ्याने उचकटले. गाडी मंदावलेली पाहून त्यांनी चुन्याचे बोट तसेच वर धरले आणि समोर पाहत म्हणाले, "थांबू नगंस. चल की."